होडीच्या वळणावरची सरळ रेषा

मी रेषा सरळ मारली. चूक ती एवढीच.

माणसं वाकडी वागून गोत्यात येतात. मी जन्मभर वाकडा वागलो आणि मजेत राहिलो. एकदाच सरळपणा करायला गेलो, तर त्यात शेजाऱ्याची होडी गेली.

रेषा चुन्याची होती, आमचं घर आणि तांडेलकाकांचं घर यांच्या मधली. तांडेल म्हणजे रापणीचा, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या टोळीचा म्होरक्या, जाळं कुठे टाकायचं नि कधी ओढायचं ते ठरवणारा. काकांनी उमेदीची सगळी वर्षं ते काम केलं. पुढे रापण मोडली, माणसं पांगली, तरी गावाच्या तोंडी ते तांडेलच राहिले. त्यांच्यापाशी उरली ती एक उलांडीची होडी. लांब, अरुंद, आणि तोल सांभाळायला एका बाजूला पाण्यावर तरंगणारं लाकूड बांधलेली. ती घेऊन ते पहाटे जायचे आणि घरापुरते, बाजारापुरते मासे आणायचे. काकी ते विकायची, आणि विकताना गिऱ्हाइकाची अशी हजेरी घ्यायची की गिऱ्हाईक घासाघीस करायला विसरायचं.

आमची वाडी देवबागेच्या वाटेवर, समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर. समुद्राकडून एक वाट वर येते. वाटेच्या डाव्या हाताला काकांचं घर, उजव्या हाताला आमचं. ही वाट सरळ वर येऊन काकांच्या मागीलदारी डावीकडे वळते. तिथे त्यांची खोप, म्हणजे खांबांवर माडाची झापं टाकून केलेला होडीचा गोठाच म्हणा. मे सरता सरता मासेमारी बंद होते. मग होडी त्या खोपीत येते आणि नारळीपौर्णिमेपर्यंत तिथेच विसावते.

आता या वळणाची गंमत ऐका. माणूस वळतो, म्हैस वळते, ड्रायव्हरच्या मनात असेल तर एसटीसुद्धा वळते. होडी वळत नाही. लाकडाचा एकसंध, ताठ जीव तो. पुढचं टोक डावीकडे खोपीत घालायचं तर मागचं टोक उजवीकडे फिरायलाच हवं. आणि उजवीकडे आमचं अंगण. त्यामुळे आमच्या अंगणाचा तो कोपरा होडीचा होता. कोणी कोणाला दिला नव्हता, विकला नव्हता, लिहिलेला तर नव्हताच नव्हता. होडी वर येताना आणि खाली जाताना तो लागायचा. एरवी वर्षभर तिथे कोंबड्या चरायच्या. आमच्या वडिलांनी वाटेच्या कडेने माड लावले, ते त्या कोपऱ्याशी आल्यावर आत सरकले आणि कोपरा संपल्यावर पुन्हा बाहेर आले. चिऱ्यांचा गडगा घातला तोही तसाच, पोटात वळसा घेऊन. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "बाबा, हयसर माड कित्याक नाय लावलास?"

"थय होडी वळता," ते म्हणाले. विषय संपला.

होडी वर घ्यायच्या दिवशी कोणाला बोलावणं लागायचं नाही. काका डोक्याला टॉवेल गुंडाळून वाळूत उभे राहिलेले दिसले की वाडी जमायची. होडीखाली माडाचे ओंडके घालायचे, मागचा ओंडका सुटला की उचलून पुढे न्यायचा, आणि हाळी देत ओढायचं. काकी सकाळपासून काळ्या वाटाण्याची उसळ रटरटत ठेवायची. होडी खोपीत गेल्याशिवाय पातेल्यावरचं झाकण निघायचं नाही. माझं काम मोठं मानाचं होतं. मी त्या कोपऱ्यात उभा राहून ओरडायचो, "आजून फिरवा! आजून जागा आसा!" ओढणाऱ्यांना तसं ते दिसायचंच. पण त्या जागेवर आमच्या घरातलं कोणीतरी उभं राहून ओरडायचं, अशी रीत होती. आधी वडील ओरडायचे, ते गेल्यावर मी ओरडू लागलो. म्हणजे अख्ख्या गावात त्या कोपऱ्याची जागा सगळ्यात जास्त कोणाला ठाऊक असायला हवी होती, तर मला.

गडगा एका वादळात ढासळला. तो पुन्हा रचण्याऐवजी त्याचे चिरे मी पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्यांच्या पायऱ्यांना वापरले. पायऱ्या छान झाल्या. पाहुणे त्यांवर बसून फोटो काढतात.

मग नवा कायदा आला. आमच्याकडे शेतजमिनीला सातबारा असतो, पण गावठाणातल्या घरांना घरपट्टीच्या पावतीपलीकडे कागद नसायचा. आता शासनाने ठरवलं की प्रत्येक घराचा नकाशा करायचा आणि प्रत्येक मालकाला मिळकतीचं कार्ड द्यायचं. ग्रामसभेत मोजणीच्या माणसांनी सगळं नीट समजावून सांगितलं. वरून ड्रोन फिरेल, फोटो काढेल. त्याआधी ज्याने त्याने आपली हद्द चुन्याने आखून ठेवायची, म्हणजे ती वरून पांढरी दिसेल. मग चौकशी होईल, हरकती ऐकल्या जातील, आणि त्यानंतर कार्ड. कार्ड असेल तर बँक कर्ज देईल, पर्यटकांच्या खोल्यांचा परवाना सोपा होईल. मला तर ते ऐकून उकळ्या फुटल्या. तिसऱ्या खोलीच्या कर्जासाठी मी बँकेत गेलो होतो तेव्हा तिथल्या साहेबाने घरपट्टीची पावती दोन बोटांत धरून, मेलेला तारला मासा असावा तशी मला परत केली होती.

चुना म्हटल्यावर सगळ्या सभेने माझ्याकडे बघितलं. गावातल्या क्रिकेटच्या टूर्नामेंटला मैदान मी आखतो. ते बघणं कौतुकाचं नव्हतं. त्याच्या आदल्या टूर्नामेंटला बांद्याचा एक मित्र येताना सीमेपलीकडून, गोव्यातून, बाटली घेऊन आला होता. आम्ही दोघांनी ती मैदानावरच, चुन्याच्या गोणीला टेकून संपवली, आणि मग मी सीमारेषा आखली. ती अशी आली की एका ठिकाणी क्षेत्ररक्षक आत उभा आहे की बाहेर, यावरून दोन्ही संघ मारामारीवर आले. समालोचकाने माइकवरून दिवसभर माझी सालं काढली. पोरं अजून विचारतात, "काका, बाउंड्री खंय गेली?"

त्यामुळे या खेपेला मी ठरवलं, तोंडात थेंब घालायचा नाही. रेषा अशी मारायची की जिल्ह्यातल्या मोजणीच्या पोरांना शिकवायला दाखवावी.

सकाळी नुसता कोरा चहा घेऊन मी दोन खुंट्या ठोकल्या, एक वाटेच्या तोंडाशी नि एक पार वर, आणि त्यांच्यामध्ये दोरी ताणून बांधली. बायको दारातून म्हणाली, "अवो, आज शुद्धीत आसास ना?" मी दोरीवरून डोळा लावून बघत होतो. दोरी सरळ होती. सरळ होती म्हणजे होडीच्या कोपऱ्याच्या तोंडावरून आरपार गेली होती. कोपरा आमच्या बाजूला पडला होता.

काका ओसरीवर जाळं सांधत बसले होते. हातातली सुई न थांबवता म्हणाले, "झिला, हयसर जरा आत घे. होडी वळता थय."

मी मूठभर चुना सोडत होतो. मान वर न करता म्हटलं, "काका, वरसून फोटो काढतले. वाकडा दिसला तर परत माझीच बोंब जातली. ही रेषा नुसती दाखवूक. वाट तुमचीच आसा. ती खंय जाता?"

सुई थांबली. त्यांनी रेषेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू सांगतंस तर बरां," ते म्हणाले, आणि सुई पुन्हा चालू झाली.

आतून काकी बाहेर आली, कमरेवर हात ठेवून तिने सगळा प्रकार पाहिला. "ह्यो मेलो आमच्या दारात म्याच लावता की काय?"

"काकी, तू एम्पायर," मी म्हटलं.

"मगे तू पयलो आऊट," काकी म्हणाली आणि हसत आत गेली. मीही हसलो.

ड्रोन आला त्या दिवशी वाडीत जत्रेसारखी माणसं जमली होती. कोंबड्यांना तो घार वाटला, त्या माच्याखाली शिरल्या. कावळ्यांनी त्याच्या मागे लागून त्याला खाडीपर्यंत हुसकावलं, पण तो परत आला. मी माझ्या रेषेच्या वरच्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. मोजणीच्या माणसाने पडद्यावर बघून म्हटलं, "ही रेषा कोणी मारली हो? अख्ख्या गावात एवढी स्वच्छ रेषा नाही." मी काकांकडे वळून बघितलं. बाउंड्रीचा कलंक धुऊन निघाला होता. काका वर, त्या घोंघावणाऱ्या यंत्राकडे बघत होते. कदाचित वाऱ्याची दिशा बघत असतील.

पुढे चौकशीचं बोलावणं आलं. ग्रामपंचायतीत अधिकारी बसले होते. त्यांनी नकाशा टेबलावर उलगडून प्रत्येकाला बोट ठेवून दाखवला, घाई केली नाही. काकांना म्हणाले, "तुमची हद्द वाटेपर्यंत. मधली वाट सार्वजनिक. रेषेपलीकडची जागा यांची. काही हरकत असेल तर आत्ता सांगा. आत्ता सांगितलं तर सोपं असतं."

काका कचेरीत गेले की मालवणी सोडून पुस्तकातली मराठी बोलतात, आणि मग त्यांचा आवाज बारीक होतो. "याला विचारा साहेब. हा शिकलेला आहे."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"नाही साहेब, हरकत कसली," मी म्हणालो. "आमचं घरचंच आहे ते."

मी सही केली, मग काकांनी केली. त्यांची सही सुबक आहे, प्रत्येक अक्षर सुटं.

कार्डं आली. मी माझं लॅमिनेशन करून घेतलं. काकांचंही करून दिलं, हौसेने.

आमच्या कार्डावर दोन नावं होती, माझं आणि मुंबईच्या चुलतभावाचं. जोवर कागद नव्हता तोवर घर दोघांचं होतं आणि वाटणीचं नाव कोणी काढलं नव्हतं, कारण वाटणार काय? आता नकाशा हातात होता. भाऊ गणपतीला आला तेव्हा त्यानेच विषय काढला. भांडण झालं नाही. उलट इतक्या गोडीत आमचं कधी काही झालं नसेल. मी रस्त्याकडची बाजू मागून घेतली, कारण पर्यटकांच्या गाड्या तिथे लागतात. वाटेकडची बाजू, कोपऱ्यासकट, त्याच्याकडे गेली. कोपऱ्याचं त्याला सांगायला मी विसरलो. नाही, खोटं कशाला लिहू? आठवलं होतं. मोदक वाढायला आलेल्या बायकोनेच कानाशी म्हटलं होतं, "अवो, त्या होडीचा सांगा मरे तेंका." पण त्या वेळी सगळं इतकं छान चाललं होतं, त्यात एका कोपऱ्याचा खडा कुठे टाकायचा, म्हणून मी मोदक खाल्ला.

भावाने त्याची बाजू विकली. त्याचा हक्क होता. घाटावरच्या एका गृहस्थाने घेतली. माणूस सज्जन. गावातल्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करायचा, काकीकडून बांगडे घेताना भाव कमी करायचा नाही. त्याला तिथे पर्यटकांसाठी झोपड्या बांधायच्या होत्या. सगळे परवाने रीतसर काढून त्याने आधी वाटेकडचे माड तोडले आणि मग कुंपणासाठी चर खणायला घेतला. चर माझ्या रेषेवर होता. चुना केव्हाच उडून गेला होता, पण रेषा नकाशात होती, मोबाइलमध्ये होती, आणि गवंड्याच्या ओळंब्याला तेवढं पुरत होतं.

मी धावलो. त्याला कोपरा समजावला, वडील समजावले, होडी कशी वळते ते हातवारे करून दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मला अडवायचं नाही हो," तो म्हणाला. "मलाही वाईट वाटतं. पण मी वकिलांना विचारलं. ते म्हणतात, एकदा होडी जाऊ दिलीत की वहिवाट लागते. उद्या बँक विचारेल, मालकी कोणाची आणि वापर कोणाचा? मी तिला काय सांगू?" मग म्हणाला, "काकांची होडी माझ्या पार्किंगमध्ये ठेवा ना. माझी काही हरकत नाही."

पार्किंग होतं रस्त्यापलीकडे, त्याने भाड्याने घेतलेल्या जागेत. तिथपर्यंत होडी न्यायची तर ती माझ्या दोन खोल्यांवरून न्यावी लागली असती.

मग मोजणीच्या कचेरीत गेलो. अधिकारी तेच होते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. अपील करता येईल, म्हणाले, वेळ लागेल, पुरावा लागेल. गडगा आहे? मी म्हटलं, पायऱ्यांत आहे. आत वळसा घेतलेले माड आहेत? मी म्हटलं, होते. मग त्यांनी संगणकावर वरून काढलेला फोटो उघडला आणि मोठा करत नेला. आमचं कौलारू छप्पर, काकांची खोप, वाट, आणि वाटेच्या कडेने एक पांढरी, सणसणीत सरळ रेषा. रेषेच्या वरच्या टोकाला एक चकचकीत गोल ठिपका.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी निरखून बघितलं. माझं टक्कल होतं.

"तुमची रेषा, तुमचीच सही, आणि तुम्हीच उभे," ते म्हणाले. चिडून नव्हे. डॉक्टर जसा एक्सरे दाखवतो तसं.

अपील केलं. अजून तारखा पडतात.

मे सरत आला. चिऱ्यांची भिंत उभी राहून गेली होती, छातीइतकी, वरून सिमेंट फिरवलेली. मला वाटलं होतं, काका यंदा होडी वर आणायच्या फंदात पडणार नाहीत. पण त्यांनी खोप नव्याने शाकारली. झापं काकीने विणली. आणि एका सकाळी ते डोक्याला टॉवेल गुंडाळून वाळूत उभे राहिले.

वाडी जमली. सगळ्यांना भिंत दिसत होती, कोणी तिचं नाव काढलं नाही. उलांडी सोडून बाजूला ठेवली, ओंडके घातले, हाळी दिली. होडी वाळूतून वर आली, वाटेला लागली, काकांच्या ओसरीसमोरून गेली. मी माझ्या जागेवर जायला निघालो आणि लक्षात आलं की माझी जागा भिंतीच्या पलीकडे आहे. मी अलीकडेच, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

होडीचं पुढचं टोक डावीकडे वळलं. मागचं टोक फिरलं, थोडंसं, आणि चिऱ्याला लागलं. आवाज फार मोठा नव्हता. शेजारच्या घराचं दार कोणी ठोठावावं तेवढाच.

मागे घेतली, पुन्हा घातली. पुन्हा लागली. कोणी म्हणालं उचलून बघूया. उचलली. माणसं थरथरत होती, होडी हवेत होती, आणि हवेतसुद्धा तिला तेवढीच जागा लागत होती. कोणी म्हणालं खोपीचा खांब काढूया. काढला. तरी नाही. मी तिथे उभा होतो आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे ओरडायला काही नव्हतं.

काका पुढे आले. त्यांनी भिंतीवर हात ठेवला, एखाद्या परक्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि काढून घेतला. मग होडीला टेकून उभे राहिले.

"खाली घेवा तिका," ते म्हणाले.

होडी खाली नेताना कोणी हाळी दिली नाही. ओंडके घालायचे, काढायचे, एवढाच आवाज. वाळूत नेऊन ठेवली. काकी ओसरीवर उभी होती. उसळीचं काय करायचं हा प्रश्न तिच्यापुढे असणार, कारण होडी खोपीत गेल्याशिवाय पातेलं उघडत नाही. शेवटी तिनेच झाकण काढलं. "जेवा," म्हणाली, "तुमी तरी काय करतलास." सगळ्यांनी खाली मान घालून खाल्लं. मीही खाल्लं. दुसऱ्यांदा मागूनही घेतलं. मला दुःखात भूक लागते, हा माझा जुना रोग आहे.

उघड्या वाळूत पावसाळाभर लाकूड ठेवायचं म्हणजे ते समुद्राला देऊन टाकायचं. आमच्या इथला किनारा दर पावसाळ्यात आत येतो; जिथे होडी ठेवाल तिथे आषाढात पाणी असतं. दुसऱ्यांच्या खोपीत जागा नव्हती, ज्यांच्याकडे होती त्यांच्या वाटेवर आता शेजाऱ्यांची कार्डं नि कुंपणं होती. काकांनी आठवडाभर वाट पाहिली. कशाची ते मला माहीत नाही. मग रेडी गावाकडच्या एका माणसाला त्यांनी होडी दिली.

तो समुद्रातूनच न्यायला आला, समुद्र खवळायच्या आत. काका कमरेपर्यंत पाण्यात उतरले. दोरी त्याच्या हातात देताना त्यांनी किमतीचं बोलणं काढलं नाही. म्हणाले, "डावीकडे ओढता ती. तरणी होती तेवांपासून. झगडा नको करू तिच्यावांगडा, जरा ढिला सोड, मगे आपसूक सरळ जाता." तो माणूस मान डोलवत होता. काका आणखी काहीतरी सांगत होते, पण लाटेच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. होडी गेली. काका पाण्यातच उभे राहिले, जरा जास्त वेळ. काकीने वाळूतून हाक मारली, "ओ, येवा आता. लुगरा भिजता माझा तुमच्यापायी." तिचं लुगडं कोरडं होतं. ती पाण्यात उतरलीच नव्हती.

त्या कोपऱ्यात आता झोपडीवाल्या गृहस्थाने सिमेंटची होडी करून घेतली आहे. निळा रंग, पोटात माती, आणि मातीत सदाफुली. पर्यटक तिच्यात बसून फोटो काढतात, आणि मग माझ्या पायऱ्यांवर येऊन काढतात. हौसेने केली आहे त्याने, मन दुखवायला नव्हे. परवा मला विचारत होता, "बरी दिसते ना?" मी म्हटलं, झकास.

नारळीपौर्णिमेला वाडीतली माणसं आपापल्या होडीची पूजा करून मग नारळ सोडायला किनाऱ्यावर जातात. मी काकांकडे गेलो. काका धुतलेलं धोतर नेसून खोपीत बसले होते. त्या दिवशी काढलेला खांब त्यांनी परत बसवला होता. खोप झाडून काढलेली, आत काही नाही. मे महिन्यात विणलेली झापं अजून तितकीशी काळी पडली नव्हती. एरवी जिथे होडीचं पुढचं टोक असायचं तिथे जमिनीवर त्यांनी हळदकुंकू वाहिलं होतं. ते बघून मला बोलायला काही सुचेना, आणि काही सुचेनासं झालं की मी बडबड करतो. अपिलाचं बोललो. नवीन तारीख सांगितली. वकील कसा चांगला आहे ते सांगितलं. निकाल लागला की भिंत कशी कोपऱ्यापुरती आत घ्यावी लागेल, मग आपण दुसरी होडी कशी घेऊ, तिसऱ्या खोलीच्या कर्जातून मी कसे पैसे घालीन, उलांडीचं लाकूड कुठून आणता येईल, सगळं.

काकांनी ऐकून घेतलं. ते नेहमी ऐकून घेतात.

"नारळ सोडूक जावया," ते म्हणाले.

गेलो. त्यांनी नारळ पाण्यात सोडला, हात जोडले. बाकीच्यांच्या होड्या पाण्यात उतरत होत्या, गुलाल उडत होता, कोणीतरी काकांच्याही कपाळाला लावला. परत येताना आम्ही वाटेने वर आलो, भिंतीच्या कडेकडेने. भिंत खरंच सरळ आहे. कुठेही पोट नाही, बाक नाही. काका त्या वळणाशी सवयीने जरा थांबले आणि मग आत गेले.

काकी ओसरीवर नारळीभात वाढत होती. मला ताट दिलं. मी खाली बसलो आणि काय झालं कोण जाणे, म्हटलं, "काकी, तू माका एकदा शिव्या तरी घाल गो. काका तर कायच बोलणत नाय."

काका भात कालवत होते. "जेव रे," एवढंच म्हणाले.

काकीने पळी पातेल्यात ठेवली. भिंतीकडे बघितलं, मग माझ्या टकलाकडे.

"मेल्या," ती म्हणाली, "त्या दिवशी दारू पिऊन रेषा मारलं असतंस, तर वाकडी तरी इली असती."